माजाचं औषध

नशा केलीय का ते ओळखायला समोरच्या माणसाच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघायची, ही काळोखे साहेबांची सवय. चाकणच्या आमच्या कंपनीच्या गेटवर सकाळच्या शिफ्टला रांग लागली की ते खुर्चीतून उठत आणि वाटेल त्याची पापणी ओढत. बकऱ्यांच्या बाजारात जनावर पारखणारे असतात तसे दिसत. पोलिसात हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते आमच्याकडे सुरक्षा अधिकारी झाले होते. गाव तळेगावजवळचं. मी कंपनीच्या प्रथमोपचार खोलीतली नर्स. गेल्या वर्षी ते वारले तेव्हा सगळे हळहळले. मला नाही वाईट वाटलं, आणि तसं दाखवायचीही इच्छा नव्हती.

नशा करणाऱ्यांबद्दल त्यांचं एकच मत होतं. "सिस्टर, ताप आला तर रोग. ह्यो रोग न्हाई, माज हाय. आन् माजाला औषध एकच," असं म्हणून ते हातातली काठी टेबलावर ठेवत. चहा पितानाही म्हणत. माणूस वाईट आहे, असं कुणी म्हणालं नसतं. दिवाळीला माझ्या मुलीसाठी आठवणीने फटाके आणायचे. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो.

बालाजी नांदेडकडचा, ठेकेदाराकडे लागलेला वेल्डर. कुरुळीत चार जणांत एक खोली. एका दुपारी माझ्या खोलीत आला, घामाने निथळत, जांभया देत. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "सिस्टर, गर्द ओढतो मी. चार दिवस झाले बंद केलंय, पण अंग ऐकंना गेलंय. माय येणार हाय पुढल्या महिन्यात. तिच्यासमोर असं नको." आपणहून सोडायला आलेला माणूस नोकरीत मी पहिल्यांदाच बघत होते. पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आत्ता पाठवा.

आमच्याकडे शिफ्ट सुटायच्या आत बाहेर पडायचं तर पास लागतो. त्यावर कारण लिहायचं आणि तो गेटवर द्यायचा. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'गर्द सोडण्याच्या उपचारासाठी'. खरं लिहिल्याचं समाधानही वाटलं मला. काय ही अक्कल!

काळोखे साहेबांनी तो पास गेटवर मोठ्याने वाचला. मग बालाजीची डब्याची पिशवी उलटी केली. तळाशी गर्दची एक पुडी निघाली. "ही टाकून द्यायची होती, साहेब," बालाजी म्हणत राहिला. मी धावत गेले. "साहेब, तो आजारी आहे, मीच पाठवतेय त्याला."

"तुमी सुया टोचा," ते म्हणाले. "गेट माजं हाय." आणि पोलिसांची गाडी बोलावली.

बालाजी सुटून आला तेव्हा काम गेलेलं होतं. आईला त्याने येऊ नको म्हणून कळवलं होतं. पुन्हा ओढायला लागला आणि आठवड्याभरात कुरुळीच्या खोलीतच त्याचा जीव गेला. शुद्ध हरपली तरी सोबतच्यांनी त्याला दवाखान्यात नेलं नाही. पोलीस येतील, आपल्यालाही उचलतील, या भीतीने ते दुपारभर नुसते त्याच्याशेजारी बसून राहिले. त्यानंतर माझ्या खोलीत खरं बोलायला कुणी आलं नाही. जो तो पोटदुखी सांगे.

पुढच्या श्रावणाची गोष्ट. काळोखे साहेब वर्षभर रोज पीत आणि श्रावण कडक पाळत. गटारी झाली की बाटली बंद. तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे होते. हात थरथरत होते, शर्ट घामाने भिजलेला, आणि भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणत होते. मी त्यांना खाटेवर झोपवलं आणि दवाखान्यात जायला गाडी मागवली. पासाचं पुस्तक उघडलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "सिस्टर, पोरं वाचत्यात. पोटदुखी लिवा."

त्यांची पापणी ओढून बघावी असं मला फार वाटलं. बघितली नाही. 'पोटदुखी' लिहिलं आणि सही केली. गेटवरच्या पोराने पास न वाचताच गाडी सोडली, सलामही ठोकला. डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर ठेवून घेतलं, औषधं दिली, बरं केलं. आजारपणाची पगारी रजा मिळाली. परत आले ते पुन्हा गेटवर काठी घेऊन उभे.

त्यांना मी माफ केलेलं नाही. पण ते पासाचं पुस्तक अजून माझ्याच टेबलावर आहे, आणि तो एक शब्द मला बालाजीसाठीही लिहिता आला असता.