विहीणबाईंची शिकवणी

रिगाहून मुलाचा फोन आला की मी लग्न करायचं म्हणतोय, मुलगी इथलीच, लात्व्हियन आहे. मी पहिलं हेच विचारलं की तिच्या घरचे काय म्हणतात. आमच्यात मुलाच्या आईने हा प्रश्न विचारायचा नसतो. हो-नाही आपण म्हणायचं आणि मुलीकडच्यांनी वाट बघायची, अशी रीत. पण गाडं तिकडे अडलंय हे त्याच्या आवाजावरूनच कळत होतं.

मुलीला वडील नव्हते. आई रिगाबाहेर एका लहान गावात राहायची, शिवणकारखान्यात जन्म काढून घरी बसलेली बाई. तिला मुलाच्या रंगाचं किंवा धर्माचं काही नव्हतं. तिचं म्हणणं एकच होतं: माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून ज्याच्याशी मला परक्या भाषेत बोलावं लागेल असा जावई नको. आई हो म्हणत नाही तोवर लग्न नाही, असं मुलीनेही सांगून टाकलं होतं. ती दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलायची.

मुलाने तिकडचा सरकारी वर्ग केला होता. बाहेरून आलेल्या लोकांना सामावून घ्यायचं म्हणून त्या वर्षांत असे वर्ग चालत. त्यात तो बसचं तिकीट काढायला, डॉक्टरला ताप सांगायला शिकला. त्या बाई म्हणाल्या, हे तुझ्या कागदपत्रांपुरतं झालं. माझ्या टेबलाशी बसायचं तर हिवाळाभर दर रविवारी माझ्याकडे ये, मग बघू.

मला राग आला. थोडं बरंही वाटलं. आम्हाला हा एकच मुलगा. हिंदी मुलुखातल्या बुऱ्हाणपुरात, शनवाऱ्यात घर, डोईफोडियाला जंगलाच्या कडेला शेत. ह्यांची नोकरी, म्हणून शेत मीच बघते. नाही जमलं तर येईल परत, असं मी मनात धरून ठेवलं आणि कुणाला बोलले नाही.

त्या बाईंची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. पुस्तक नाही, व्याकरण नाही. त्या सांगायच्या, आमच्या लोकांवर जे जसं येत गेलं त्या क्रमाने शब्द शीक. पहिल्या रविवारी फक्त जंगल, शेत आणि चूल. जंगल म्हणजे मेश. पोकळ झाडातली मधमाशी बिते, आणि त्यांची काळी आंबूस भाकरी माइझे. पुढच्या खेपेला समुद्रावरून तलवार आणि क्रूस घेऊन आलेले जर्मन. त्यांच्या काळातला जमीनदाराचा वाडा मुइझा, आणि त्यातला मालक कुंग्स. पिढ्यान् पिढ्या बाईंची माणसं त्या मालकांची वेठबिगार होती. आता कुंग्स म्हणजे नुसतं साहेब, कुणाच्याही नावाला लावतात. बटाट्याचा शब्दही त्या जर्मनांचाच, मुलगा सांगत होता. मी म्हटलं, आपला बटाटा पोर्तुगीजांचा, त्यात काय एवढं.

शिकून आला की तो रविवारी मला फोन करून सगळं म्हणून दाखवायचा. म्हणून दाखवल्याने पक्कं होतं, एवढाच माझा उपयोग. पण ऐकून ऐकून मलाही येऊ लागलं. शेताकडे जाताना जीपमध्ये मी शब्द घोळवायचे आणि ड्रायव्हरला वाटायचं बाई जप करतायत.

मध्ये एकदा घोटाळा झाला. त्या रविवारी देव आणि दिवस यांचे शब्द आले होते. देव म्हणजे दिएव्स, दिवस म्हणजे दिएना, आणि मध म्हणजे मेदुस. माझे दीर चहाला आले होते. ते फोनवर हे ऐकून खूश झाले. "वहिनी, ही तर सरळ संस्कृत. म्हणजे त्यांची भाषा आपलीच पोरगी निघाली. विहीणबाईंना म्हणावं, तुम्ही माहेरी आलात." मुलालाही ते फार आवडलं. त्याने पुढच्या रविवारी जाऊन ते त्यांना कौतुकाने सांगितलं, तेही मोडक्यातोडक्या लात्व्हियनमध्ये.

बाई उठल्या आणि त्यांनी टेबल आवरायला घेतलं. एवढंच म्हणाल्या की इथे जो आला तो म्हणाला हे आमचंच. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी त्याला बोलावलं नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही.

मी दिरांना जाब विचारला. ते म्हणाले, मी तर त्यांचं कौतुक केलं. मी म्हटलं, त्यांनी मागितलं होतं का? कुणी येऊन तुम्हाला सांगितलं की तुमची मराठी म्हणजे आमच्या हिंदीचीच पोरगी, तर चहा पाजाल का त्याला? बुऱ्हाणपुरात हे अधूनमधून ऐकावं लागतंच.

मुलगा एका रविवारी न बोलावता गेला आणि अंगणातल्या बर्फात उभा राहून त्यांची लाकडं फोडून दिली. तासाभराने त्यांनी आत घेतलं. त्या दिवशीचा शब्द होता वागोन्स, म्हणजे रेल्वेचा डबा. त्यांच्या आईला, ती शाळकरी मुलगी असताना, रशियन राजवटीत घरच्यांसकट गुरांच्या डब्यात भरून सायबेरियाला नेलं होतं. ती मोठी होऊन परतली तेव्हा घरात दुसरीच माणसं राहत होती. पुढे ह्या बाई स्वतः कारखान्यात लागल्या तर तिथेही सगळं रशियनमध्ये. दुकानात आपल्या भाषेत काही मागितलं की ऐकावं लागायचं, माणसांच्या भाषेत बोल. तेव्हा त्या कारखान्याच्या चाळीत राहायच्या; तिथलं जिन्यासमोरचं शेजारचं कुटुंब बाहेरून येऊन तिथेच म्हातारं झालं, पण साधा नमस्कारही त्यांनी बाईंच्या भाषेत कधी केला नाही.

हे ऐकल्यावर माझा राग गेला. मी त्यांच्या जागी असते तर एका हिवाळ्यावर भागवलं नसतं. मुलगा परत येईल ही जी गोष्ट मी मनात धरली होती ती मी त्या आठवड्यात सोडून दिली. पोरगा तिथे मन लावून बसतोय आणि आपण इथे तो नापास व्हायची वाट बघतोय, हे काही बरं नव्हतं.

बर्फ वितळल्यावर त्यांनी त्याला जेवायला बोलावलं आणि आम्हालाही फोनवर यायला सांगितलं. मुलाने टेबलावर बरणीला टेकवून फोन उभा केला. शनवाऱ्यात आम्ही दोघं दिवाणावर बसलो. मला वाटलं आता एकेक शब्द विचारतील. पण त्यांनी तसलं काही विचारलं नाही. म्हणाल्या, हिवाळाभर मी तुला माझ्या लोकांचं सांगितलं, आता तू मला तुझ्या लोकांचं सांग. माझ्या भाषेत.

तो बोलू लागला. तापी, केळीच्या बागा, कापूस. हळू बोलत होता, पण थांबत नव्हता. मग त्यांनी विचारलं की तुझ्या राज्याची भाषा एक आणि घरची वेगळी, हे कसं? तिथे तो अडकला. शब्द होते, पण सांगायचं काय हेच माहीत नव्हतं. त्याने फोनकडे बघितलं.

"आई, आपण इकडचे कबसे? मतलब, आधीपासूनचेच, की कुठून आलो?"

मी सांगितलं की तुझ्या बाबांचे पणजोबा खानदेशातून आले. डोईफोडियाला पडीत जमीन मिळत होती, जंगल तोडलं आणि पेरणी केली. त्याने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. 'तोडलं' वर अडखळला तेव्हा मुलीने मदत केली नाही. त्याने आपणच शब्द शोधला.

बाईंनी लहानसा प्रश्न केला. मुलगी ताटाकडे बघायला लागली.

"त्या विचारतायत," मुलगा म्हणाला, "तिथे आधी कोण राहत होतं?"

कोरकू आदिवासी, मी म्हटलं. आताही राहतात. आमचा कापूस त्यांच्याच बायका वेचतात.

पुढचा प्रश्न मला त्याच्याशिवाय कळला, कारण त्यात वालोदा होतं, भाषा. त्यांची भाषा तुम्हाला येते का? मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याला काहीही सांगता आलं असतं, तिथे खरं-खोटं कोण बघायला येणार होतं? हे शेजारून हळूच म्हणाले, "थोडी थोडी येते म्हण."

मला शेतातल्या बायका आठवल्या. त्या आपसात त्यांच्या भाषेत बोलत असतात आणि मी बांधावर पोचले की हिंदीत सुरू होतात. मी त्याला त्यांची रीतभात समजत आले होते. पाण्याला त्या काय म्हणतात हेही मला ठाऊक नाही.

"नाही म्हणून सांग," मी म्हटलं. "एक शब्द येत नाही."

त्याने सांगितलं. मग बाईंनी भाकरीचा जाड काप काढून त्याच्या ताटात ठेवला आणि थेट माझ्याशी बोलायला लागल्या, मला कळावं म्हणून सावकाश. अर्धं मला समजलं, अर्धं मुलाने सांगितलं. जिन्यासमोरच्या शेजाऱ्यांनाही त्यांनी एकदा हेच विचारलं होतं. ते म्हणाले होते, येते की थोडी. आयुष्यभर थोडीच येत राहिली. एवढं बोलून त्या पुढे म्हणाल्या की लग्न जूनमध्ये, दिवस सगळ्यात मोठा असतो तेव्हा, आमच्याकडे. तुम्ही दोघं या.

मग मी माझी अट घातली. मुलीने मराठी शिकायची. विहीणबाईंनी लगेच मान हलवली, जणू ह्याचीच वाट बघत होत्या. मुलीने मुलाकडून विचारलं, सुरुवात कुठून करू, आईसारखं जंगलापासून? मी स्वयंपाकघरापासून म्हणणार होते. पण तिचा पुढचा प्रश्न आला: तिथे आधीपासून जे राहतात ते जंगलाला काय म्हणतात?

मी म्हटलं, माहीत नाही, विचारून सांगते.

त्याच आठवड्यात शेतातल्या पऱ्हाट्या, कापसाच्या वाळक्या काड्या, गोळा करायला बायका लावल्या होत्या. त्यांच्यातल्या एका जुन्या बाईला मी विचारलं, जंगलाला तुमच्यात काय म्हणतात? ती हातातली काडी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"क्यों बाई, अब क्या काम पड़ गया?"

"बहू आनेवाली है," मी म्हटलं. "उसको सिखाना है."

तिने बाकीच्या बायकांना हाक मारून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. सगळ्या हसल्या. मग त्यातली एक म्हणाली, पहले तू तो सीख. मी पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी बसले.