चिंचेनं घासलेली बंदूक

बाबा गेल्यावर त्यांची दुनळी बंदूक नियमाप्रमाणे अंधेरीतल्या एका परवाना असलेल्या दुकानात जमा केली. त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून अर्ज, शपथपत्र, झेरॉक्स, पुन्हा अर्ज. परवाना माझ्या नावावर करून घ्यायला मी साफ नकार दिला. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. भांडुपच्या दोन खोल्यांत बाबा युनियनची पत्रकं लिहायचे, आई आणि मी घड्या घालायचो. घरात हत्यार असणं मला पटत नाही, आणि दसऱ्याला त्याची पूजा करणं तर मुळीच नाही. त्यावरून बाबांशी दरवर्षी भांडण व्हायचं.

पण त्यांच्या पत्रकांतली एक गोष्ट मी जिवापाड जपली. कोकणातल्या आमच्या गावच्या खोतानं, गाव त्याच्यावर उलटल्यावर, ही बंदूक आजोबांच्या पायाशी ठेवली. नळीवर अजून त्याचं नाव कोरलेलं आहे. हे मी कॉलेजात भाषणात सांगितलं, नंतर लेखात छापलं. नळी मात्र कधी वाकून पाहिली नाही. दसऱ्याला ती झेंडूखाली असायची आणि मी रुसून बाहेर.

दुकानदाराचं म्हणणं सरळ होतं. नाव आणि बंदूक कुठल्या बनावटीची हे सिद्ध झालं तर एखादा संग्राहक तिला गोष्टीसकट घेईल. नाहीतर पोलिसांत जमा, आणि मग भंगार. म्हणून गेल्या महिन्यात आईला घेऊन गेले.

दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरानं बंदूक मोडून तीन तुकड्यांत टेबलावर ठेवली. बाहेरचे दोन्ही घोडे मागे ओढून पाहिले. नळ्या एका बोटावर टांगून टिचकी मारली. घंटेसारखा आवाज यायला हवा होता. आला नुसता टक्.

"सांधा सुटलाय," तो म्हणाला. "ही पिळाची नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली. वर लाटांसारखी तपकिरी नक्षी असते. कुठंय ती?"

नळ्या स्टीलच्या ग्लाससारख्या चकचकीत होत्या.

"ताई, घासता कशानं?"

"चिंच आणि राख," आई अभिमानानं म्हणाली. "दर दसऱ्याला. देवाच्या भांड्यांबरोबर."

"बंदूक आहे का हंडा?" त्यानं कपाळाला हात लावला. "नक्षी गेली, शिक्के गेले, नाव असलं तर तेही गेलं."

पुढच्या लाकडाखाली चिंच पोचली नव्हती. तिथं भिंगातून त्याला एक छोटा लंबगोल शिक्का सापडला. बेल्जियमची. इंग्रज साहेबाची वगैरे नाही, तेव्हा परदेशांत विकायला ढिगानं बनायची तसली. आजची काडतुसं घातली तर हातात फुटेल. "नावाशिवाय हिला किंमत नाही," तो म्हणाला, आणि चहा सांगायला उठून गेला.

मी मोबाइलचा उजेड तिरका धरून दोन नळ्यांमधली पट्टी इंच इंच पाहिली. काहीच नव्हतं. शेवटी आईला विचारलं, "तू तर लग्नापासून घासतेयस. नाव होतं का गं?"

"होतं काहीतरी. बारीक, काळं काळं. मला इंग्रजी कुठं येत होतं? मला वाटलं मळ साचलाय. म्हणून तिथं जास्त जोर लावायचे."

"म्हणजे अक्षरंच होती?"

"आता काय सांगू? असतील. मळही असेल."

मला ओरडायचं होतं, तिच्यावर, त्या पूजेवर, बाबांवर, ज्यांनी एवढी पत्रकं लिहिली आणि नळीवरची अक्षरं एकदाही कागदावर उतरवून ठेवली नाहीत. पण ती नळी मीही कधी वाकून पाहिली नव्हती.

दुकानदारानं पोलिसांत जमा करायचा फॉर्म पुढे सरकवला. बनावट या रकान्यात मी बेल्जियम लिहिलं. खुणा आणि कोरीव मजकूर या रकान्यापाशी पेन थांबलं. खोताचं नाव लिहायचा मोह झाला. कोण तपासणार होतं? मग लिहिलं: घासला गेल्यामुळे वाचता येत नाही.

सही करून मान वर केली. आई पदरानं नळीवरचे कारागिराच्या बोटांचे डाग पुसत होती.