नुसत्या पेटीवरचं गीत

चर्चच्या, आमच्या देवळाच्या, पंचमंडळाचं ठरत आलं होतं: जुना ऑर्गन, म्हणजे पायपेटी, काढायचा, कीबोर्ड आणायचा. "पेटी नुसती लोकांच्या मागं मागं घूं घूं करते," असं त्यांचं म्हणणं. मी चिडून बोलून गेलो, "एकदा एकटी वाजवून दाखवतो, मग ठरवा." बोललो खरा, पण पिंप्राळ्याला घरी पोचेपर्यंत पस्तावलो. जन्मभर मी ही पायपेटीच वाजवली. कीबोर्डवर माझा हात बसत नाही. पेटी गेली की देवळात माझं काम ते काय?

गीत निवडलं ते आजोबांच्या काळापासून सगळ्यांना पाठ असलेलं. पहिलं कडवं सरळ. दुसऱ्यात चाल डाव्या हाताला, वर उजव्यानं बारीक सूर. तिसऱ्याला, शेवटच्या कडव्याला, पट्टी एक घर चढवायची. महिनाभर रोज संध्याकाळी बसलो. हवा भरणाऱ्या भात्यावर पाय सारखे चालवायचे. पाय थांबला की सूर गेला, एवढंच डोक्यात.

त्या रविवारी पाळकांनी सांगितलं, "आज कुणी गायचं नाही, फक्त ऐकायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. डोंबलाचं ऐकतात! चाल कानावर पडली आणि आमची माणसं गप्प बसली, असं आजवर झालेलं नाही. दुसऱ्याच ओळीला पंचांतले सगळ्यात म्हातारे नाना उठून गायला लागले. मग बठ्ठं देऊळ, पोराबाळांसकट, उभं राहिलं.

दुसरं कडवं कसंबसं निभावलं. तिसऱ्याला ठरल्याप्रमाणे पट्टी चढवली, आणि लोक मात्र खालच्याच पट्टीत. इतकं बेसूर झालं की भीतीनं माझे हात उचलले गेले, पायही थांबले. वाटलं, संपलं, आता सगळे वळून बघणार.

कुणी बघितलं नाही. उरलेलं अख्खं कडवं पेटीशिवाय सुरात पार पडलं. मी मांडीवर हात ठेवून बसलो होतो. एवढा मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो.

बाहेर नानांनी पाठीवर थाप मारली. "भाऊ, शेवटलं कडवं भलतं भारी वाजाडं तू. पेटी आते आठेच राही, कीबोर्ड नको."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि "हो नाना" म्हणालो.

पेटी अजून तिथंच आहे. दर रविवारी मी जरा जोरातच वाजवतो. मध्येच हात उचलून बघायची मात्र माझी छाती होत नाही.