चाळीस पावलांवरचा भाऊ

अमिनिएल आचारी एकतीस वर्षं डोंगर चढला, पण शिखर त्यानं कधी पाहिलं नाही. पाहणार कसा? शिखरावर जायचं ते पैसे भरून आलेल्या पाहुण्यांनी आणि वाटाड्यांनी. आचाऱ्यानं शेवटच्या मुक्कामावर बसायचं आणि मंडळी परत येईपर्यंत सूप गरम ठेवायचं. खाली गावात, माचामेत, कुणी विचारलं की वर काय दिसतं रे, तर म्हणायचा, पातेल्याचा तळ. माणूस असा तिरकस. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुली दार-एस-सलामला नांदत होत्या. घरी बोलायला एक बकरी, तीही त्याचं ऐकायची नाही.

या खेपेला त्याला घेतलं, ते त्या टोळीचा नेहमीचा आचारी तापानं पडला म्हणून. डोंगराच्या पायथ्याच्या फाटकाशी हमालांच्या ओझ्यांची वजनं चालली होती, तेव्हा कळलं की मुख्य वाटाड्या सिफाएल आहे. सिफाएल म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. सहा वर्षं दोघांत अबोला होता.

कारण मी सरळच सांगतो, कारण अमिनिएल ते नेहमी आडवळणानं सांगायचा. आई आजारी होती आणि हा पाहुण्यांबरोबर वर डोंगरात, शिराच्या पठारावर. सिफाएलचा फोन आला की आई तुझं नाव घेतेय, उतर. एका दिवसात उतरता आलं असतं. पण अकरा जणांचा स्वयंपाक हातात होता, आणि आई आधीही दोनदा अशीच जाता जाता उठून बसली होती. निघेल की यातूनही, असं म्हणून हा पुढं चढला. तिसऱ्या दिवशी ती गेली. दफनाला हा पोचला तेव्हा सिफाएलनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्यात आईबापाचं घर आणि बाग धाकट्याकडं जाते. त्या घराला कुलूप घालून तो शहरात राहायला गेला, तो गेलाच.

अमिनिएलला घर नको होतं, बाग नको होती. आई शेवटी आपल्याबद्दल काय म्हणाली, एवढंच त्याला हवं होतं. तिनं माफ केलं, की तळतळाट दिला? खोलीत सिफाएलखेरीज कुणी नव्हतं. सहा वर्षं हा प्रश्न त्याच्या घशात अडकून होता.

म्हणून फाटकातून आत शिरण्याआधी त्यानं एका कुंपणातलं इसालेचं पान खुडलं आणि टोपीत ठेवलं. इसालेचं पान कुणी हातात दिलं की त्याला माफ करावंच लागतं. आमच्यात जिवावरची वैरं या पानानं मिटली आहेत.

आता मुख्य वाटाड्या आणि आचारी यांचं रोज बोलल्याशिवाय भागत नाही. किती जण जेवणार, कुणाचं पोट बिघडलंय, पाणी किती उकळायचं. हे सगळं गॉडलिसन नावाच्या पन्नाशीच्या वाढप्यामार्फत चालू झालं. तिकडून निरोप यायचा, सूप खारट का? इकडून जायचा, उंचीवर जीभ मरते, आचारी काय करणार? दोन तंबूंमध्ये हेलपाटे घालून गॉडलिसन टेकीला आला. म्हणाला, डोंगरानं माझे गुडघे एवढे झिजवले नाहीत जेवढे तुम्ही दोघांनी झिजवलेत.

चौथ्या दिवशी करांगाच्या मुक्कामी अमिनिएलनं घोळ घातला. समोर जायचा धीर होईना, म्हणून ते पान ताटलीखाली सरकवून त्यानं गॉडलिसनबरोबर पाठवून दिलं. एवढा सत्तावन्न वर्षांचा माणूस, आणि एवढंही कळू नये? ते पान आपल्या हातानं द्यायचं असतं, नजरेला नजर देऊन. जेवण पोचवायचा तर त्याला पगार मिळत होता, त्यातच यानं माफीही उरकून घेतली. गॉडलिसन पान घेऊन आल्यापावली परत आला. खाली बघत त्यानं निरोप सांगितला.

"म्हणतो, ही सुपाबरोबर पाठवायची वस्तू नाही. द्यायचं असेल तर स्वतः आण."

सहाव्या दिवशी उजाडलं तेव्हा शेवटचा मुक्काम ओसाड झाला होता. मंडळी शिखराकडं गेलेली, हमाल गुरफटून झोपलेले. अमिनिएल पातेल्यापाशी एकटा. असे एकटे दिवस त्यानं शेकड्यांनी काढले होते, पण त्या दिवशी त्याला फार एकटं वाटलं. आपण इथं मेलो तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळणार नाही, आणि कळलं तरी आधी सुपाचं काय, असंच विचारतील, हेही मनात येऊन गेलं.

दुपारी एकेक जण उतरला आणि तंबूत आडवा झाला. सगळ्यांत शेवटी सिफाएल आला, एका थकलेल्या पाहुणीचा हात धरून. तिला झोपवून तो आपल्या तंबूच्या तोंडाशी बूट काढत बसला.

अमिनिएलनं हात पुसले, पान घेतलं आणि निघाला. चाळीस पावलं असतील. दोनदा थांबला. मग भावापुढं उभा राहून त्यानं दोन्ही हातांनी पान पुढं केलं.

सिफाएलनं ते घेतलं. "माफ केलं," म्हणाला, आणि पुन्हा बुटाच्या नाडीला लागला.

तसं बघितलं तर काम झालं होतं. पण अमिनिएल हलला नाही.

"आई काय म्हणाली रे शेवटी? माझ्याबद्दल?"

सिफाएलनं एक बूट काढून समोर ठेवला. मग बुटाशीच बोलावं तसं बोलू लागला.

"तिला दिसत नव्हतं. मी हात धरला की म्हणायची, अमिनिएल, आलास? मी म्हटलं, आई, मी सिफाएल. तर रडायला लागली. मग नाही सांगितलं. दोन दिवस ती तुला हाक मारत होती आणि मी ओ देत होतो. पाणी तुझ्याकडून प्यायली. आशीर्वाद दिला तोही तुलाच. तू होतास तिथं, दादा. मीच नव्हतो."

तो आत गेला आणि त्यानं तंबूची चेन ओढून घेतली.

खोटं कशाला बोलू, अमिनिएलला आधी हायसंच वाटलं. आई रागावून गेली नव्हती. दुसऱ्या क्षणी त्याला त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. या पोरानं दोन दिवस आईपाशी बसून काढले, आणि ती पोराचं नाव न घेताच गेली.

"सिफाएल," त्यानं हाक मारली. सहा वर्षांत हे नाव त्यानं तोंडातून काढलं नव्हतं.

आतून ओ आली नाही.

"सिफाएल."

तिकडून गॉडलिसन ओरडत होता की पाणी उतू जातंय. अमिनिएलनं ऐकलं नाही. तो तंबूबाहेर दगडावर बसला आणि भावाला हाक मारत राहिला.