अर्धी भाकर

"ठेव ते टोपलं खाली! माह्या चुलीपाशी तुले कोनं बलावलं?"

"कोनी नाई. मीच आली. भागिरथाच्या ताटात दुसरी भाकर वाढा, मंग जाते."

"सातवा लागला तिले. आता अर्धीच. पोटभर गिळलं तं गर्भ फुगते अन् मंग अडते. हे मले कोनं शिकवलं, चंपाबाई?"

"मीच."

"मंग?"

"मंग मीच मना करून राह्यली. आइकाना, रुखमाबाई!"

चुलीजवळ पाटावर बसलेली सून भागिरथा ताटातल्या अर्ध्या भाकरीकडं बघत होती. सासू आणि सुईण दोघी तिच्या डोक्यावरून भांडत होत्या.

चंपाबाई जऊळक्याजवळच्या त्या गावची सुईण. तीस वर्षं प्रत्येक घरचं लेकरू तिच्याच हातात पडलेलं. बौद्धवाड्यातली म्हणून एरवी तिला ओसरीपर्यंतच बोलवायचे; बाळंतपणाला तेवढी आत. चुलीपर्यंत मात्र ती आज पहिल्यांदाच आली होती. तिची थोरली बहीण बाळंतपणात अडून, दोन दिवस ओरडून गेली होती. तेव्हापासून चंपाबाईनं नियमच केला : सातव्यापासून अर्धी भाकर, गूळ-शेंगदाणे बंद. लेकरू लहान, सुटका सोपी. एकही बाई दगावली नाही, हा तिचा ताठा.

मग बहात्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ आला. बौद्धवाड्यातल्या दोघीतिघी पोटुश्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. तिथं सुखडी, म्हणजे गूळ-पिठाची पौष्टिक वडी, मिळायची. चंपाबाईनं डोळे वटारले, तरी भुकेल्या बायांनी ती खाल्ली. इकडं रुखमाबाईच्या घरात कणगी भरलेली होती आणि सून नियमानं अर्ध्या भाकरीवर. तिची पहिली लेक गोदी मुठीएवढी जन्मली, घटकाभरात. रुखमाबाईनं खूश होऊन चंपाबाईला लुगडं नेसवलं होतं.

आता गोदीला चौथं लागलंय. 'आय' या शब्दापुढं ती गेलेली नाही. खडीवाल्यांची पोरं मात्र चंपाबाईच्याच नकला करत गल्लीभर हिंडतात.

गेल्या महिन्यात मंगरूळपीरला सुईणींचं शिक्षण झालं. नर्सबाई म्हणाल्या, "लेकराचा मेंदू आईच्या पोटातच घडतो. आईच उपाशी तर तो कशावर घडणार?" चंपाबाई उठून उभी राहिली. "बाई, माह्या गावात एक पोरगी हाये..." नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "एकीचं नाही सांगता येत हो. कारणं शंभर असतात."

ती शंभर कारणं चंपाबाईला एका जागी बसू देईनात. जिथं दिवस गेलेली बाई, तिथं ही हजर. इथं मात्र महिनाभर दारापर्यंत येऊन परत गेली होती.

"दोन दिवस मंगरूळले राह्यली तं नर्सबाईच झाली व माय!" रुखमाबाईनं कमरेवर हात ठेवले. "अन् अडली तं?"

"अडली तं गाडी जुपा, दवाखान्यात नेऊ. मी सोबत येते. पन उपाशी ठिऊ नोका."

"लेहीच कळवळा!"

"तुमच्या पाया पडते."

चंपाबाई खरंच वाकली. रुखमाबाई दचकून मागं सरकली. त्या मानी बाईला कुणापुढं वाकताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं टोपल्यातली भाकर उचलली आणि ताटात आपटली.

"घे, खाय! वरन बी घे. काई झालं तं हिच्या दारात नेऊन बसवीन तुले."

भागिरथानं घास मोडला. तोंडाशी नेला. सासूसमोर कधी तोंड न उघडणारी ती, घास तसाच धरून म्हणाली,

"मावशी, मंग तवा म्या पोटभर खाल्लं असतं तं... माही गोदी बोलली असती?"

रुखमाबाई चंपाबाईकडं वळली. चूल धुमसत होती, फुंकायचं कुणाला सुचलं नाही.

चंपाबाईनं पदर डोक्यावर ओढला. उंबऱ्यात गोदी चिंचोके घेऊन बसली होती. लेकराला ओलांडू नये म्हणून ती अंग चोरून कडेनं गेली, आणि दाराशी काढलेल्या वहाणा हातातच धरून अंगण उतरली.