सांगलीच्या पडद्यावरची चालू लाइन

तक्रारदार: मी स्वतः, तहसील कचेरीच्या फाटकाशी टेबल टाकून अर्ज व दस्त लिहिणारा; शिक्षण नववी, अनुभव अर्ध्या आयुष्याचा. ज्याच्यासाठी तक्रार: रजेवर आलेला एक फौजी. साक्षीदार: त्याची पत्नी आणि फाटकासमोरचा रसवंतीवाला. काळ: गेला उसाचा हंगाम. ज्यांच्याविरुद्ध: सरकारी कचेऱ्यांना जोडणी पुरवणाऱ्या कंपनीचे सांगलीतील साहेब आणि आमच्या तालुक्याचा त्यांचा लाइनमन. नावे मुद्दाम देत नाही. असली नावे माझ्या अक्षरात उतरावीत अशी इच्छा नाही.

फौजीने स्वतःच्या कमाईतून घर बांधले होते. तो पलटणीत गेला की थोरले भाऊ त्याच्या बायकोला माहेरी निघून जायला सांगत. घराचे बक्षीसपत्र तिच्या नावे करून जावे, एवढ्यासाठीच त्याने रजा काढली होती. दस्त मी लिहिला. त्यात खोट काढणारा अजून जन्मायचा आहे. परंतु नोंदणी कार्यालयात फोटो आणि अंगठा घेणारे यंत्र सांगलीशी जोडलेले, आणि जोडणी बंद. कारकून मान वर न करता म्हणे, "लाइन नाही. उद्या या." नवराबायको रोज ठेवणीतले कपडे घालून येत आणि रसवंतीच्या बाकावर बसून परत जात.

शेवटी मी अर्ज लिहिला आणि फौजीला घेऊन सांगली गाठली. साहेबांनी माझा अर्ज वाचला नाही. त्यावर चहाचा कप ठेवला. मग संगणकाच्या पडद्याकडे बोट करून शिकवणी सुरू केली. प्रत्येक कचेरीला स्वतंत्र तार नसते, एकाच मोठ्या केबलमधून प्रत्येकीचा मार्ग आखून दिलेला असतो, त्याला व्हर्च्युअल सर्किट म्हणतात. त्या मार्गावरून सांगलीहून सतत एक लहानसा संदेश जातो. टोकाला पोहोचून परत आला की हिरवी खूण.

"तुमची खूण हिरवी आहे. लाइन अखंड आहे."

"मग आमच्याकडे काम का होत नाही?"

"ते तुमच्या यंत्राला विचारा. अर्जवाले, शाळेत कितवीपर्यंत गेला होता?"

मी कपाखालून अर्ज ओढून घेतला. त्यावर चहाचे वर्तुळ उमटले होते.

परत येऊन आम्ही थेट तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलो. लाइनमन दारातच तंबाखू मळत होता.

"आवं, तार कवाच तुटलीया," तो म्हणाला. "उसाच्या ट्रॉल्या लय उंच भरत्यात. वळणावर तार वडूनच न्हेत्यात."

"मग सांगलीत हिरवे कसे?"

"लूप टाकलाय की." त्याने कौतुकाने दाखवले: सांगलीहून आलेला संदेश नोंदणी कार्यालयापर्यंत न जाता एक्स्चेंजमधूनच उलटा फिरावा, म्हणून खोचलेला वायरचा तुकडा. "लाल दिसलं की सायेब फोन करून जीव खातो. हंगाम सरला की समद्या तारा एकदम जोडायच्या. दरसालची रीत हाय आमची."

वर्गात गैरहजर पोराच्या नावाला दुसऱ्याने 'हजर' म्हणावे, तसा हा प्रकार. मास्तर निदान बाकाकडे पाहत तरी.

"काढ ते," फौजी म्हणाला.

"काढतो की गड्या. पर फोन आला तर तू घे."

वायर निघाली आणि लाइनमन थुंकून येईपर्यंत फोन वाजला. फौजीच्या हातून तो मी घेतला. पलीकडे तेच साहेब.

"चालू लाइन कुणी बंद पाडली?"

"साहेब, ती बंदच होती."

"माझ्याकडे ती आत्ता बंद झाली आहे."

तार जोडली जाण्याआधीच रजा संपत आली. फौजीने मुदत वाढवून मागितली. पलटणीने कारणाचा लेखी पुरावा मागितला. सांगलीहून लेखी आले की जोडणी संपूर्ण काळ अखंड होती, केवळ अखेरीस त्रयस्थ इसमांनी छेडछाड केल्याने खंडित झाली. त्रयस्थ इसम म्हणजे मी. रजा वाढली नाही.

त्याला गाडीत बसवून त्याची बायको माझ्या टेबलाशी आली.

"आवं काका, तार जोडली म्हणं."

"होय."

"मग मी एकटी जाऊन चालंल का?"

"नाही ताई. देणाऱ्याचा अंगठा लागतो."

"थोरल्या दिरानं आमच्या पुढच्या खोलीत खताची पोती रचल्यात," ती म्हणाली. "विचारलं तर म्हणतोय, घर कुणाचं, कागुद दाव."

सबब मागणे असे: संदेश एक्स्चेंजमधून फिरला, कार्यालयापर्यंत कधीच गेला नाही, हे कंपनीने सहीशिक्क्यानिशी मान्य करावे, म्हणजे फौजीला पुन्हा रजा मागता येईल. यापुढे तपासणी कार्यालयातील यंत्रापर्यंत व्हावी. 'पडद्यावर चालू दिसते' असे उत्तर देऊ नये. ते मिळालेले आहे. खरे उत्तर पलटणीस त्वरेने पाठवावे, आणि त्याची प्रत त्या बाईच्या हाती द्यावी, दिराच्या नव्हे.