गेटाबाहेरची ओळख

१९७२ साली कांताबाई मेश्राम विड्या वळणं सोडून धंतोलीतल्या मानसिक आजारांच्या एका छोट्या दवाखान्यात आया म्हणून लागली. इंदोऱ्यातल्या शेजारणींनी लगेच 'पागलखान्यातली कांता' असं तिचं बारसं उरकून टाकलं. कांताबाईने ते मनावर घेतलं नाही. तिला काम आवडलं होतं.

पहिल्याच दिवशी थोरल्या नर्स सिंधूताईंनी नियम सांगितले. पलंगापाशी कात्री ठेवायची नाही, गोळी गिळली की नाही ते तोंड उघडायला लावून बघायचं, आणि शेवटचा: "गेटाच्या बाहीर पेशंट दिसला, तर आपण त्याले वळखत नाही. त्यानं हाक मारली तरच बोलायचं." कांताबाईला हा शुद्ध शिष्टपणा वाटला. तिच्या मोहल्ल्यात ओळखीच्या माणसाला 'जेवला का?' न विचारता पुढे जाणाऱ्याची महिनाभर निंदा होई.

तिच्या वाट्याला पहिली आली ती गोपिका. पहिलं बाळ दगावल्यापासून या पोरीची झोपच उडाली होती. माहेरच्यांनी सासरी टायफॉइड कळवला आणि तिला गुपचूप इथे भरती केलं. कांताबाई तिला हाताने भरवायची, डोक्यात तेल जिरवायची, ती बोलत नसली तरी आपण बोलत बसायची. सहा आठवड्यांनी गोपिका बरी होऊन गेली. हे आपणच केलं, असं कांताबाईला वाटलं. डॉक्टरांच्या गोळ्यांचा वाटा तिने फार मोठा धरला नाही.

तीन महिन्यांनी सीताबर्डीच्या बाजारात गोपिका दिसली. कांताबाईचा आनंद पोटात मावेना. रस्ता ओलांडून तिने पोरीचा हातच धरला.

"पोरी, झोप येते ना वं आता?"

गोपिकाचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारी तिची सासू उभी होती, हे कांताबाईला तेव्हा दिसलं.

"कोण वं तू? कायची झोप?" सासूने विचारलं.

"मी नाही वळखत इले," गोपिका म्हणाली.

"चुकलंच माह्यं, मावशी," कांताबाईने हात सोडला. "माह्या भाचीसारखी दिसली."

सासू गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत मागे वळून वळून बघत होती.

दुसऱ्या दिवशी कांताबाईने सिंधूताईंना सगळं सांगितलं. नोकरी जाणार म्हणून डबासुद्धा पिशवीतून काढला नव्हता. सिंधूताईंनी तिला काढलं नाही. "आता तिचं काय झालं ते कोणाले इचारू नको," एवढंच म्हणाल्या. शिक्षा जबर होती. सासरच्यांनी गोपिकाला परत पाठवलं असेल का, हा प्रश्न कांताबाईच्या मानगुटीवर बसला. पुढे बरे झालेले कितीतरी पेशंट तिला बाजारात दिसले, आणि ती खाली मान घालून कांद्याचे भाव विचारत राहिली.

दोन वर्षांनी सीताबर्डीवरच ती कासाराकडे बांगड्या भरत होती. शेजारी दोघी येऊन बसल्या. तीच सासू, तीच गोपिका, मांडीवर वर्षाची मुलगी. कांताबाईने बांगड्यांवरची नजर हलवली नाही.

"पोरगी तरास देते का?" कासाराने सहज विचारलं.

"नाही गा भाऊ," गोपिका जरा मोठ्यानेच म्हणाली. "रातभर गाढ झोपते. अन् मलेही झोप येते आता."

कांताबाईला उठून तिला कवटाळावंसं वाटलं. कासार तिचं मनगट धरून थांबला होता.

"हात ढिला सोडा, बाई."

कांताबाईने हात ढिला सोडला. वर मात्र पाहिलं नाही.